थरथर कापत, पण सगळं सांगितलं

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. वय 38. यंदा महिला रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दहा मिनिटांचा संदेश मी द्यावा असं महिला मंडळाने ठरवलंय, पाळकसाहेबांचाही होकार आहे. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली, बारा वर्षं रक्तस्राव असलेली आणि येशूच्या वस्त्राला शिवून बरी झालेली स्त्री हा शास्त्रभाग मीच निवडला. आठ पानं लिहून काढली, ती सोबत पाठवते. पण मागे एकदा नुसते आभार मानायला उभी राहिले तेव्हा हातातला कागद असा फडफडत होता की पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या. माइकवर स्वतःचा आवाज ऐकला की धडकीच भरते. सासूबाई म्हणतात, बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं बायबलात पौलाने लिहून ठेवलंय, तुला कशाला नसता उद्योग? (त्या स्वतः घरसभेत अर्धा अर्धा तास प्रार्थना करतात.) त्यात मेट्रनने 12 मेच्या परिचारिका दिनाला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. तिथे वेगळीच धास्ती. मागच्या एका कार्यक्रमात पाहुणे म्हणाले होते, "ख्रिश्चन असून तुमचं मराठी छान आहे हो!" आत्मविश्वास कसा आणू? प्रार्थना तर रोज करतेच आहे.
— एक परिचारिका

उत्तर

प्रिय भगिनी, सलाम.

तुमची आठही पानं वाचली. आधी त्यांच्याबद्दलच बोलते, कारण तुमची निम्मी भीती त्या पानांतच बसली आहे.

पहिलं पान असं सुरू होतं: "परमपवित्र, सर्वसमर्थ पित्याच्या अतिपवित्र नामात येथे उपस्थित आदरणीय पाळकसाहेब, आदरणीय मॅडम, पंचमंडळी, वडीलधारी मंडळी व माझ्या प्रिय बंधुभगिनींनो, मी एक अपात्र दासी, माझी काहीही योग्यता नसताना, मला बोलण्याचा अनुभव नसताना…" हे अकरा ओळी चालतं. शेवटी "काही चुकलंमाकलं तर पदरात घ्यावं." बाई, इथपर्यंत येताना ऐकणाऱ्यांची खात्री पटलेली असते की हिला बोलता येत नाही. त्यांना ते तुम्हीच तर सांगितलंत! आपल्या महिला मंडळांच्या मेळाव्यांत मी हे इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते. कॉलेजात शिकवणारी बाई, पतपेढी चालवणारी बाई, माइक हातात आला की लगेच अपात्र दासी. पुरुष "दोन शब्द" म्हणून पाऊण तास बोलतात, तेव्हा कुणाच्या पदरात काही घालत नाहीत.

नम्रता ऐकणाऱ्याचा वेळ वाचवण्यात दाखवा. नमस्कार एका वाक्यात आटपा. "पाळकसाहेब आणि मंडळी, सर्वांना सलाम." पुरे.

आता पान पाच. तिथे मध्येच, दोन लांबलचक परिच्छेदांच्या बेचक्यात, तुम्ही लिहिलंय: "आमच्या वॉर्डात अशी बाई आली की आम्ही आधी तिची खालची पापणी ओढून बघतो." पुढे लगेच "असो" म्हणून तुम्ही लेवीयात, म्हणजे बायबलमधल्या नियमांच्या पुस्तकात, शिरलात. अहो, ते "असो" कशाला? आठ पानांत हे एकच वाक्य असं आहे की तुमच्या मंडळीत ते दुसरं कुणी बोलू शकणार नाही. पाळकसाहेबसुद्धा नाही. बाकीची पानं मी पूर्वी कुठे ना कुठे ऐकलेली आहेत, आणि तुमच्या मंडळीनेही ऐकली असणार. ते वाक्य उचलून सगळ्यात वर आणा. साधारण असं:

"वॉर्डात एखादी बाई अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन आली की आम्ही आधी तिची खालची पापणी ओढून बघतो. आतला रंग लाल हवा. तो पांढराफटक असतो. जिना चढताना तिला धाप लागते, नखं फिकी पडतात, बोलायचंही त्राण नसतं. हे काही महिन्यांत होतं. मार्काने जिच्याबद्दल लिहिलंय तिला बारा वर्षं झाली होती."

हे मोठ्याने वाचून बघा. यात एकही अवघड शब्द नाही, आणि यातलं काही विसरण्याचा प्रश्नच नाही, कारण हे तुम्ही रोज करता. आत्मविश्वास म्हणून वेगळी काही वस्तू बाहेरून आणायची नसते. जे आपल्याला पक्कं ठाऊक आहे तिथून सुरुवात केली की आवाज आपोआप जमिनीवर येतो. पहिली सहा वाक्यं मात्र पाठ करा. भीतीचा जोर सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो आणि तेवढा वेळ डोळे कागदावर नकोत.

मग काय काढायचं? ग्रीक शब्दाचा अर्थ सांगणारा परिच्छेद काढा, तो इंटरनेटवरून आलाय हे दिसतं. पान सहावरची परदेशातल्या श्रीमंत माणसाची गोष्ट काढा. लेवीयाचा पंधरावा अध्याय आख्खा नको, एवढंच सांगा की नियमाप्रमाणे ती ज्यावर बसेल, निजेल ते अशुद्ध, आणि त्याला शिवेल तोही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. म्हणजे बारा वर्षं तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. मार्क आणखी एक गोष्ट सांगतो, पुष्कळ वैद्यांच्या हाती तिने पुष्कळ सोसलं, होतं नव्हतं ते सगळं खर्चून बसली, आणि गुण यायच्याऐवजी दुखणं वाढलं. दवाखान्याचं बिल भरायला दागिने मोडणारी माणसं तुम्ही पाहता. इथे एक वाक्य तुमचं येऊ द्या, नाव-गाव न सांगता. रुग्णाची ओळख पटेल असं काहीही नको, मंडळीतलं तर नकोच नको.

शांतपणे बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात. तुमची आठ पानं सोळा-सतरा मिनिटं खातील. साडेचार पानांवर या.

आणि आता तुमच्याच शास्त्रभागातली एक जागा, जिच्यावरून तुम्ही आठ पानांत एकदाही थांबला नाहीत. मार्क 5:33. येशू याइर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याच्या घरी निघालाय, त्याची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय, गर्दी अंगावर येतेय. अशा घाईत तो थांबतो आणि विचारतो, मला कोण शिवलं? शिष्यांना प्रश्नच वेडगळ वाटतो. बाई बरी झालेली आहे, तिचं काम झालंय, ती गुपचूप निघून गेली असती तर कुणाला कळलंही नसतं. तरी तो वाट बघतो. आणि ती येते ती भीत, थरथर कापत, सगळ्यांदेखत पाया पडते आणि घडलेलं सगळं खरंखरं सांगते. त्यानंतर तो तिला "मुली" म्हणतो.

थरथर थांबल्यावर ती बोलली असं मार्क लिहीत नाही. ती कापत होती आणि बोलत होती. ज्या बाईच्या जवळ कुणी बसत नव्हतं तिचं बोलणं भर गर्दीत ऐकून घेतलं गेलं, आणि तेही एका वजनदार माणसाच्या तातडीच्या कामाला खोळंबा करून. हा तुमच्या संदेशाचा गाभा होऊ शकतो. मोशेची जड जीभ आणि यिर्मयाचं "मी लहान आहे" ही उदाहरणं तुम्ही घेतली आहेत, ती चांगलीच आहेत, पण सगळे घेतात. ही बाई तुमच्या हातात असताना दुसरीकडे जायचं कारण नाही.

प्रार्थनेबद्दल. ती कराच. पण इंजेक्शन देताना मनात प्रार्थना करत असाल तरी अँप्यूलवरचं नाव तुम्ही वाचताच ना? तसंच हे. मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून सराव केल्याशिवाय पुलपिटाजवळ जाऊ नका. मनातल्या मनात वाचणं हा सराव नव्हे. जीभ कुठे अडते ते जीभ हलवल्याशिवाय कळत नाही. घरात सगळे असताना लाज वाटत असेल तर रात्रपाळीनंतर चेंजिंग रूममध्ये करा, गच्चीवर करा. मोबाइलवर आवाज भरून एकदा ऐका. विचित्र वाटेल, सगळ्यांनाच वाटतं. आपला आवाज आपण एरवी डोक्याच्या हाडांतूनही ऐकत असतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. भरलेला आवाज फक्त हवेतून येतो आणि पातळ लागतो. लोकांना तुमचा तोच आवाज कायम ऐकू येत आलाय आणि त्यांची काही तक्रार नाही. चार-पाचदा ऐकलात की माइकवरची धडकी ओसरेल.

एक गोष्ट मात्र त्या रेकॉर्डिंगमध्ये कान देऊन तपासा. तुम्ही टीव्हीवरच्या प्रचारकांसारख्या बोलताय का? शेवटचा शब्द लांबवत नेणं, मध्येच आवाज चढवणं, वाक्य सुचेना की "हालेलुया" घालणं, दर दोन मिनिटांनी "बोला आमेन". हल्ली आपल्याकडे बोलायला उभी राहणारी प्रत्येक तरुण मुलगी याच सुरात सुरू करते, आणि खाली उतरली की पुन्हा आपल्या गोड नगरी बोलीत बोलू लागते. उसना सूर सांभाळण्यातच सगळी शक्ती जाते, मग मुद्दा निसटतो, मग घाबरायला होतं. तुम्ही रुग्णाच्या नातेवाइकांना घरी गेल्यावरची पथ्यं समजावता ना, तो सूर धरा. स्पष्ट, सावकाश, समोरच्याला कळलं की नाही हे बघत. त्या सुरात तुम्ही रोज बोलता आणि अनोळखी माणसांशी बोलता. म्हणजे जाहीर बोलण्याची सवय तुम्हाला आहेच, फक्त ती पांढऱ्या गणवेशात असते.

वाक्यं लहान करायची सवय लागावी म्हणून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'मधलं एक पान रोज मोठ्याने वाचा. पुस्तकी शब्दांचा बडेजाव नाही, घरातल्या बोलण्यासारखं मराठी, आणि त्या कुठल्याही शाळा-कॉलेजात शिकलेल्या नव्हत्या. नगरला त्या बरीच वर्षं राहिल्या, तेव्हा त्या तुमच्याच गावच्या म्हणायच्या.

आता अंगाचं. हात थरथरणारच. शरीर ज्याला संकट समजतं त्याला ते असंच उत्तर देतं, अॅड्रिनॅलिनचं तुम्हाला मी काय सांगायचं! कागद पातळ असला की तेवढं कापणं दहापट दिसतं. म्हणून टिपणं जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर काढा, मोठ्या अक्षरात, एका बाजूला, क्रमांक घालून, आणि ती पुलपिटावर ठेवूनच द्या. हातात धरू नका. उभं राहिल्यावर आधी श्वास सोडा, लांब, पूर्ण. घेणं आपोआप होतं. तोंड कोरडं पडतं म्हणून पाण्याचा पेला आधीच जवळ ठेवून घ्या, मध्ये मागायची वेळ नको.

रविवारी उपासनेआधी अर्धा तास जा. रिकाम्या मंदिरात पुलपिटामागे उभ्या राहा. आपली बरीच पुलपिटं उंच पुरुषांच्या मापाने केलेली आहेत, आपल्यासारख्या पाच फुटी बाईचं मागच्या बाकांवरून फक्त कपाळ दिसतं. तसं असेल तर पायाखाली पाट मागून घ्या, किंवा सरळ खाली उतरून स्टँडच्या माइकवर बोला. माइक तोंडापासून चार बोटं. साउंडवर बसणाऱ्या मुलाला म्हणा, दोन ओळी वाचते, आवाज लाव. डोक्यावरचा पदर दोन्ही बाजूंनी पिना लावून पक्का करा. नाहीतर दहा मिनिटांत वीस वेळा हात पदराकडे जाईल आणि लोक पदरच बघतील. हातातलं कडं काढून ठेवा, लाकडावर आपटलं की स्पीकरमधून बंदुकीसारखा आवाज येतो.

शास्त्रवाचन तुम्हीच करणार असाल तर ते दुसऱ्या कुणाला देऊ नका. दहा वचनं आहेत, दीड मिनिट लागेल, आणि तेवढ्यात घसा मोकळा होतो. झेरॉक्सवर पेन्सिलने थांबायच्या जागी रेघा मारा. येशू प्रश्न विचारतो तिथे दोन रेघा. मनात तीन अंक मोजा. ती शांतता तुम्हाला युगासारखी वाटेल, मंडळीला ती नेमकी वाटेल.

थांबण्यावरून आठवलं. 1889 साली मुंबईत सामाजिक परिषद भरली होती, तिथे पंडिता रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या. रमाबाई म्हणजे लहानपणापासून आईवडिलांबरोबर आणि पुढे भावाबरोबर देशभर पुराणं सांगत फिरलेल्या, 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांकडून पदवी घेतलेल्या. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता, आणि त्यावरून टीका चालूच होती. एवढ्या मोठ्या सभेत, माइकचा जमाना नसताना, त्यांचा आवाज मागे पोचेना. त्यांच्या चरित्रांत येतं की त्या ओरडल्या नाहीत. सगळे गप्प होईपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या की माझा आवाज लहान आहे यात नवल नाही, बाईचा आवाज मोठा व्हायची संधी तुम्ही कधी दिलीच नाहीत. पुढे सगळ्यांनी ऐकलं. हे धारिष्ट तुमच्याकडून मी मागत नाही. पण पुढच्या बाकावरच्या मुली खुसफुसल्या तर बोलणं रेटू नका, आवाज वाढवू नका, थांबा आणि त्यांच्याकडे हसून बघा. त्या गप्प होतात.

सासूबाई. त्यांचं वचन खरं आहे, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, 1 करिंथ 14:34. त्याच पत्रात अकराव्या अध्यायाच्या पाचव्या वचनात प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने डोकं कसं ठेवावं ते पौल सांगतो. म्हणजे करिंथच्या मंडळीत स्त्रिया बोलत होत्या हे त्याला माहीत होतं. या दोन वचनांचा मेळ कसा घालायचा यावर पंथापंथांत मतभेद आहेत आणि ते या सदरात मिटणार नाहीत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते; दक्षिणेकडच्या चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये (सीएसआय) 2013 साली एक स्त्री, ई. पुष्पललिता, नंद्यालची बिशप झाली. कॅथलिकांकडे मिस्सातलं, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेतलं, प्रवचन धर्मगुरूंचं, पण वाचकाची अधिकृत सेवा 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांना खुली केली. काही मंडळ्यांत आजही बाईने पुलपिटावर पाय ठेवायचा नाही. तुमच्या मंडळीत तुम्हाला बोलावलंय, पाळकसाहेबांनी होकार दिलाय. म्हणजे तुमच्यापुरता प्रश्न सुटलेला आहे. संदेशात सासूबाईंना उत्तर द्यायला जाऊ नका, एका वाक्यानेही नाही. मंडळीला ते कळतं आणि मग सगळे त्यांच्याकडे वळून बघतात.

त्याऐवजी आदल्या रात्री त्यांना म्हणा, "आई, एकदा ऐकता का? कुठे चुकतंय ते सांगा, आणि माझ्यासाठी प्रार्थना करा." जी बाई अर्धा तास न अडखळता प्रार्थना करते तिला बोलण्यातलं पुष्कळ कळतं, जरी तिच्या लेखी ते बोलणं नसलं तरी. त्यांनी नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

या रविवारनंतर थांबू नका, एवढं मात्र ऐका. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिनाची उपासना असते, तिची रूपरेषा दर वर्षी वेगळ्या देशातल्या स्त्रिया तयार करतात आणि ती अनेक आवाजांत वाचायची असते. तिथे एक परिच्छेद मागून घ्या. संडे स्कूलचा एक वर्ग घ्या. सात वर्षांची मुलं कंटाळली की तोंडावर सांगतात, याहून कडक परीक्षक मिळायचा नाही.

राहिला 12 मे. "ख्रिश्चन असून मराठी छान" म्हणणाऱ्यांवर रागवावं की हसावं हे त्या दिवशीच्या मूडवर सोडा. फादर स्टीफन्सचं मराठी काव्य 'ख्रिस्तपुराण' गोव्यात 1616 मध्ये छापलं गेलं, 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक नगरला 1842 मध्ये निघालं; हे तुमच्या गाठीला असू द्या, पण भाषणात सुनावू नका. कुणी पुन्हा म्हणालंच तर "घरचंच आहे" म्हणा आणि चहा घ्या.

त्या भाषणात बायबल आणू की नको, असं पान आठच्या मागे पेन्सिलने विचारलंय. सहकारी सगळ्या धर्मांच्या आहेत, कार्यक्रम कामाचा आहे, तेव्हा वचनं नकोत. तुम्ही ख्रिस्ती आहात हे त्यांना ठाऊक आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म 1820 चा, हे सूत्रसंचालिका सांगेलच, तुम्ही त्यात वेळ घालवू नका. एका रात्रपाळीत घडलेली एक गोष्ट घ्या, जिच्यात आयाबाईंचंही काम दिसेल. त्यांचा उल्लेख अशा भाषणांत कुणी करत नाही. ड्रिप, चार्ट, हँडओव्हर हे शब्द तसेच राहू द्या, त्यांना शुद्ध मराठीचे कपडे घालू नका. पाच मिनिटं दिली असतील तर चार बोला. दुपारच्या पाळीला जायची बऱ्याच जणींची घाई असते.